घाट चढला की ऑइलचा लाल दिवा, पाण्याचा काटा मात्र जागेवर. ऑइल कूलर चोक असेल का?

बंदरवाला_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा, दोन महिने ह्यात गेलेत आणि आता इंजिन खोलायची वेळ आलीये. गाडी २.५ लिटरची कॉमन रेल डिझेल पिकअप, नऊ वर्षं जुनी, २ लाख १० हजार किमी झालेत, तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका भाजीवाल्याकडून सेकंडहँड घेतली. काम ठरलेलं, मिरकरवाड्यावर मासळी भरायची, बर्फासकट दीड टन होतो, मग हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि उजाडायच्या आत कोल्हापूर गाठायचं. उशीर झाला की बर्फ वितळतो आणि भाव पडतो, त्यामुळे घाटात गाडी थांबवणं परवडतच नाही.

प्रॉब्लेम असा की साखरप्यापर्यंत काही होत नाही. घाटात सेकंड थर्डवर वीस एक मिनिटं जोर लागला की वर आंब्याला पोचल्यावर गाडी स्लो केली की आयडलला ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की जातो. पुढे मलकापूरकडे दहा पंधरा मिनिटं चालली की मग थांबवली तरी लागत नाही. आणि ह्या सगळ्यात पाण्याच्या टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्याही खाली!

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. ऑइल आणि फिल्टर दोनदा बदलले, १५ डब्ल्यू ४०च आहे, प्रेशर स्विच नवीन टाकला, रेडिएटर बाहेरून पाण्याने धुतला, पंखा व्यवस्थित ओढतो. एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाले घाटातल्या गाडीला नकोच तो. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. आता ते म्हणतायत बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करू (म्हणजे इंजिन अर्धं खोलून बांधायचं), ५५-६० हजार. दुसरे म्हणतात ऑइल पंप. तिसऱ्या एकाने नुसतं बघून सांगितलं की ऑइल कूलर चोक असेल, पण खात्री कशी करायची ते त्यालाही सांगता येईना. खोलायच्या आधी कळायला काही मार्ग आहे का?

पाना_तेरा_चौदा (कोल्हापूर)

भावा, आधी इंजिन खोलू नकोस. तुझ्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. बेअरिंग खरंच झिजलेलं असतं तर दिवा घाटापुरता आला नसता, मलकापूरला चहाला थांबलास तरी आला असता. तुझा दिवा ऑइल किती तापलंय त्याच्या मागं मागं फिरतोय, आणि ऑइल किती तापलंय हे सांगणारा काटा तुझ्या गाडीत नाहीच. डॅशबोर्डवर जो आहे तो पाण्याचा. लोकांना वाटतं काटा खाली म्हणजे इंजिन थंड. पाणी थंड आहे एवढाच त्याचा अर्थ.

ऑइल कूलर कसा असतो ते एकदा डोळ्यासमोर आण. फिल्टरच्या बुडाशी किंवा ब्लॉकच्या बाजूला ऍल्युमिनियमचा चौकोनी डबा असतो, त्याच्या आत पातळ पातळ प्लेटा एकावर एक. एका थरातून ऑइल जातं, पुढच्यातून कूलंट (म्हणजे रेडिएटरचं पाणी), परत ऑइल, परत कूलंट. ऑइलची उष्णता कूलंट घेतं आणि ते रेडिएटरला नेऊन टाकतं. आता ह्यातली पाण्याची वाट अगदी अरुंद असते, रेडिएटरच्या नळीतून जो कचरा सहज निघून जातो तो इथे अडकतो. वाट बुजली की ऑइलची उष्णता पाण्यात उतरतच नाही. म्हणून पाणी मजेत आणि ऑइल करपतंय. सपाटीला ऑइलला फार उष्णता मिळत नाही त्यामुळे चालून जातं, घाटात उघडं पडतं.

१५ डब्ल्यू ४० ह्यातला ४० म्हणजे १०० अंशाला ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं माप) एवढं जाड राहतं. तेच १३० अंशाला गेलं की निम्म्याच्या आसपास पातळ होतं. आयडलला पंप हळू फिरतो, त्यात ऑइल पाण्यासारखं, मग प्रेशर येणार कुठून, आणि हा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला दिवा लावतो.

थर्मोस्टॅट काढला ते चुकलं हे स्पष्ट सांगतो, माझ्या हातून कोणाचा काढून देत नाही मी. एक तर बऱ्याच इंजिनात तो उघडताना मागची बायपासची वाट बंद करतो, काढून टाकला की ती वाट कायम उघडी राहते आणि अर्धं पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरतं. दुसरं म्हणजे आता तुझं पाण्याचं टेंपरेचर खरं राहिलंच नाही, मग तुलना कशाशी करणार? आधी तो परत बसव. मग पुढचं बोलू.

आणि हे सांग: बाटलीतलं कूलंट कुठल्या रंगाचं आहे, वर तेलाचा तवंग आहे का, डिपस्टिकवर ऑइल वाढलंय का, आणि ऑइलला डिझेलचा वास येतो का. इंजेक्टर गळून डिझेल ऑइलमध्ये उतरलं तरी ऑइल पातळ होऊन हाच दिवा लागतो, ते आधी बाजूला काढू.

शेतगाडी_७७

आमच्या पिकअपला असंच होतं. कूलर काढून आत टॉयलेट धुवायचं ऍसिड ओतलं, तासभर ठेवलं, पाण्याने धुतलं, परत बसवला. दोनशे रुपयात काम. करून बघा.

पाना_तेरा_चौदा (कोल्हापूर)

कृपा करून कोणी हे करू नका. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं आणि कूलर ऍल्युमिनियमचा, ऍसिड क्षारासोबत प्लेटही खातं. आज वाट मोकळी झाल्यासारखी वाटेल आणि महिन्याभरात प्लेटेला टाचणीएवढं भोक पडेल. मग काय होतं बघा, इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर तीन चार बार आणि पाण्याचं एकच्या आसपास, म्हणजे ऑइल पाण्यात घुसतं, बाटलीत चॉकलेटी लोणी तयार. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर शून्य पण पाण्याचं अजून टिकून असतं, तेव्हा पाणी उलटं ऑइलमध्ये येतं. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग किती दिवस टिकणार? दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि खरंच हाफ इंजिन करायची पाळी आली असं माझ्यासमोर झालंय.

दूरदेशी_गिअर (टेक्सास)

मी इकडे टेक्सासला असतो, घोड्यांचे ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपची कामं शेजारच्या गॅरेजात बघत बघत शिकलो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ह्या एका आजारासाठी इथलं एक इंजिन इतकं प्रसिद्ध आहे की डिझेलवाला माणूस भेटला की विषय निघतोच. ६ लिटरचं पॉवर स्ट्रोक, नॅव्हिस्टारने बनवलेलं, फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपला २००३ ते २००७ मॉडेलपर्यंत लागायचं. त्याचा ऑइल कूलर व्ही इंजिनच्या मधल्या खोबणीत, ऑइल फिल्टरच्या खाली दडवलेला. ब्लॉक ओतताना राहिलेली वाळू आणि कूलंटमधलं सिलिकेट, जे जास्त तापलं की जेलीसारखं खाली बसतं, ह्या दोघांनी त्याची पाण्याची वाट बुजते.

त्या इंजिनाला ऑइल आणि पाणी दोन्हीचे सेन्सर आहेत, त्यामुळे लोकांनी एक साधी परीक्षा ठरवून घेतलीये. इंजिन पूर्ण तापू द्यायचं, सपाट हायवेवर ताशी ६५ मैल म्हणजे १०५ किमीच्या आसपास एकसारखं चालवायचं आणि स्कॅनरवर दोन आकडे बघायचे. ऑइल पाण्यापेक्षा १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त गरम असेल तर कूलर गेला समजायचं. इथे एक चूक सगळे करतात म्हणून सांगतो, हा फरक आहे, त्यामुळे सेल्सिअस करताना ३२ वजा करायचे नाहीत, नुसतं १.८ ने भागायचं, म्हणजे साधारण ८ अंश. अर्थात ८ हा आकडा त्या इंजिनाचा आहे, तुमच्या गाडीला तसाच चिकटवू नका. पद्धत मात्र घ्या, एकटं ऑइल नाही, एकटं पाणी नाही, दोघांमधला फरक. आणि जमलं तर सेम मॉडेलच्या ठणठणीत गाडीचा फरक मोजून त्याच्याशी ताडून बघा, त्याच्यासारखा पुरावा नाही.

अजून एक. त्या इंजिनात ऑइल कूलरमधून निघालेलं पाणीच पुढे ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा) जातं. अलीकडची वाट बुजली की पलीकडे पाणी पोचत नाही, ईजीआर कूलर कोरडा तापून फुटतो, सायलेन्सरातून पांढरा धूर, पाणी कमी कमी होत जातं, आणि लोक नुसता ईजीआर कूलर बदलून मोकळे होतात. मूळ दुखणं तसंच, काही महिन्यांनी परत तेच. तुमच्या गाडीत पाण्याचे पाइप कुठून कुठे जातात ते हाताने चाचपून बघा.

बंदरवाला_रत्नागिरी

दोघांचेही मनापासून आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. बघून आलो. डिपस्टिकवर ऑइल लेव्हल बरोबर, डिझेलचा वास नाही, पाणी कमी होत नाही, पांढरा धूर नाही. बाटलीत तवंग नाही, पण कूलंट हिरवं असायला हवं ते मळकट पिवळं आहे आणि बोटाला जरा गाळ लागतो. कूलर सापडला, फिल्टरच्या मागे, दोन बोटभर जाडीचे पाइप येतात त्याला. आता ऑइलचं टेंपरेचर मोजू कसं? गाडीत सेन्सर नाही. बाजारात ती बंदुकीसारखी लाल लाइट मारायची मिळते ती चालेल का?

पाना_तेरा_चौदा (कोल्हापूर)

चालते पण फसवते. चकाकत्या ऍल्युमिनियमवर ती बंदूक वीस तीस अंश कमीसुद्धा दाखवते, मग माणूस म्हणतो सगळं ठीक आहे. फिल्टरच्या हाउसिंगवर आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर दोन्हीकडे काळी इन्सुलेशन टेप चिकटव, टेपवर नेम धर, जवळून धर. दोन्ही ठिकाणी सारखीच टेप पाहिजे.

त्याहून भारी म्हणजे मल्टिमीटरला लागणारी थर्मोकपलची वायर, के टाइप म्हणून माग, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. डिपस्टिक काढायची, वायर डिपस्टिकला लावून बरोबर तेवढीच लांबी मोजायची, तिथे टेपची गाठ मारायची म्हणजे जास्त आत जाणार नाही, आणि नळीतून सोडायची. इंजिन बंद असतानाच सोडायची आणि बंद असतानाच वाचायची, कारण आत क्रँक फिरतो, वायर त्याला लागली तर तुकडे ऑइलमध्ये. चेंबरमधलं (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं ती टाकी) ऑइल लगेच थंड होत नाही, थांबल्या थांबल्या वाचलंस तर आकडा जवळपास खराच.

आणि दिव्यावर विसंबू नको, स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लाव. कुठल्याही बऱ्या गॅरेजात असतो, एक दिवस मागून आण. मला तुझ्याकडून दोन वेळचे आकडे पाहिजेत. एक, ऑइल १०० अंशाच्या आसपास असताना आयडलला प्रेशर किती. दोन, घाट चढून वर आल्यावर किती. १०० ला पण प्रेशर पडलेलंच असेल तर बेअरिंग नाहीतर पंप, तुझे मिस्त्री बरोबर. १०० ला चांगलं आणि १३० ला पडत असेल तर इंजिन चांगलं आहे, ऑइल भाजतंय.

बंदरवाला_रत्नागिरी

आज आकडे घेऊन आलोय. थर्मोस्टॅट आधी नवीन बसवला. भाचा सोबत होता, तो लिहून घेत होता.

पालीच्या पुढे सपाटीला ६० च्या स्पीडने वीस मिनिटं चालवून थांबलो. पाणी ८६, ऑइल १०३, आयडलला प्रेशर १.४ बार. मग पूर्ण लोडवर घाट चढून आंब्याला थांबलो. पाणी ९२, ऑइल १३३, प्रेशर ०.४! दिवा अर्थातच पेटलेला. फरक ४१ अंशांचा. शेजारच्या वाडीत माझ्याच मॉडेलची गाडी आहे, जांभा दगड वाहते, त्याच्या हातापाया पडून त्याच घाटात तेवढ्याच लोडवर तीही मोजली. पाणी ९१, ऑइल १०५. फरक १४.

खरं सांगू, तो आकडा बघितल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपलो.

पाना_तेरा_चौदा (कोल्हापूर)

बस्स, झालं निदान. १.४ बार प्रेशर देणारं इंजिन खोलायचं नसतं. शेजाऱ्याच्या गाडीचं मोजलंस हे सगळ्यात उत्तम केलंस.

एक शेवटची खात्री, हिला काही खर्च नाही. इंजिन थंड असताना कूलरचे दोन्ही पाण्याचे पाइप काढ, एकाला बागेचा पाइप लाव, पाणी हळू सोड, दुसरीकडून बादली किती वेळात भरते ते बघ. नवीन कूलर दुकानातून आणलास की त्याच नळाला लावून तीच बादली भर. मग कोणाला विचारायची गरज नाही.

पण मला अजून एक कोडं आहे. कोकणातलं पाणी क्षाराचं नसतं, मिरजेकडचं बोअरचं असतं, ते आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं असेल हे मान्य. पण क्षार पांढरट असतो, कडक असतो. तुझा गाळ पिवळा आणि मऊ. कोणी रेडिएटर लीकेज बंद करायची पावडर वगैरे टाकलेली का? ड्रायव्हरला विचार. रागावून नको विचारू, नाहीतर सांगणार नाही.

बंदरवाला_रत्नागिरी

विचारलं. आधी नाही नाही म्हणाला, मग बोलला. मासेमारीबंदीच्या आधी, मेच्या शेवटी, रात्री दीड वाजता साखरप्याच्या पुढे रेडिएटरला बारीक लीक झालेलं, गाडीत मासळी, मिस्त्री मिळेना. जवळच्या टपरीवाल्याच्या घरून अर्धा पाव हळद आणली आणि रेडिएटरमध्ये टाकली. लीक थांबला, माल वेळेत पोचला, मला सांगायला घाबरला. पुढे जून जुलै गाडी दारात उभीच, तेच पाणी आत साचलेलं. ऑगस्टला सीझन सुरू झाला आणि सप्टेंबरपासून माझा दिवा सुरू झाला. सगळं जुळतंय.

पोराला काही बोललो नाही. त्या वेळी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आमच्याकडे सगळे ड्रायव्हर हळद टाकतात.

दूरदेशी_गिअर (टेक्सास)

हळद फुगते म्हणूनच लीक बुजतो आणि तशीच ती कूलरच्या प्लेटांमध्येही फुगून बसते, तिला लीकचं भोक आणि कूलरची वाट ह्यातला फरक कुठे कळतो. इथे बाटलीतून मिळणारी लीक बंद करायची औषधंही हाच उद्योग करतात. रस्त्यात अडकलात तर टाका, माल वाचवा, पण दुसऱ्या दिवशी रेडिएटर दुरुस्त करून सगळं पाणी बदलायचं, ते राहून जातं.

कूलर बदलताना एक कळकळीने सांगतो, नवीन कूलर आधी लावू नका. जुना जागेवर असतानाच सिस्टिम फ्लश करा, रेडिएटर उलट्या दिशेने, ब्लॉक उलट्या दिशेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर ब्लॉकमध्ये उरलेली हळद नवीन कूलरमध्ये जाऊन बसेल. शेवटी कूलंट भरताना नळाचं नाही, डिस्टिल्ड पाणी, निम्मं निम्मं. आणि कूलंट हिरवं की लाल ह्या रंगावर जाऊ नका, रंगाने आतलं केमिकल कळत नाही, गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका.

बंदरवाला_रत्नागिरी

काम झालं, आठवडा चालवून मगच लिहितोय. फ्लशला पूर्ण एक दिवस गेला, तिसऱ्या वेळेपर्यंत पिवळं पाणी येत होतं. ५ लिटरची बादली जुन्या कूलरमधून भरायला २ मिनिटं ४० सेकंद, नव्यातून १९ सेकंद. जुना ग्राइंडरने कापून बघितला, पाण्याच्या थरांत पिठल्यासारखा पिवळा थर, त्याच्या खाली प्लेटांना चिकटलेला पांढरा क्षार. म्हणजे मिरजेचं पाणी आणि साखरप्याची हळद दोन्ही. रेडिएटरचा लीक होता तो खालच्या टाकीच्या सीलमधून, तोही बदलून घेतला. ऑइलही बदललं, भाजलेलं ऑइल ठेवायला मन झालं नाही.

काल पूर्ण लोडवर आंब्याला: पाणी ९२, ऑइल १०७, प्रेशर १.३. दिवा नाही. कूलर, सील, थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल, मजुरी सगळं धरून १४ हजाराच्या आत.

शेतगाडी_७७

दादा, मी ऍसिड टाकलेल्याला पाच महिने झालेत. आता वाचून धाकधूक होतेय. काय तपासू?

पाना_तेरा_चौदा (कोल्हापूर)

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी दोन गोष्टी बघ. बाटलीचं झाकण उघडून वर तेल तरंगतंय का, आणि डिपस्टिक पुसून परत बुडवून ऑइल लेव्हलच्या वर गेलंय का किंवा दुधाळ दिसतंय का. ह्यातलं एक जरी असेल तर सेल मारू नकोस, गाडी टो करून ने. कूलर काढून एका बाजूची तोंडं बंद करून दुसरीकडून दोन अडीच बार हवा भरायची आणि कोमट पाण्यात बुडवायचा, बुडबुडे आले तर फेकून दे. नाही आले तर परत बसव, पण दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघत राहा. बाटलीचा फोटो इथे टाक, बघून सांगतो.